टेबल मोकळं आहे, रुग्ण कुठे अडकलाय? रुग्णालय प्रशासनाला खुले पत्र

रुग्णालयांचे अधीक्षक, वैद्यकीय संचालक आणि प्रशासकीय अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मी सीटी स्कॅन तंत्रज्ञ आहे. १८ वर्षं हेच काम करते. रुग्णाशी माझी ओळख जेमतेम दहा मिनिटांची. स्ट्रेचर येतं, चौघं मिळून रुग्णाला चादरीसकट टेबलावर सरकवतात, डोकं पट्ट्याने स्थिर करायचं, मग मी काचेपलीकडे जाते आणि बटण दाबते. तो पुढे बरा झाला की नाही, हे मला बहुतेक वेळा कळतही नाही. पण इतरांच्या सहसा नजरेत न येणारी एक गोष्ट मला रोज दिसते. स्कॅनच्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात वेळ छापलेली असते आणि सोबतच्या केस पेपरवर नोंदणीची वेळ असते. दोन्ही वेळा एकदमच माझ्यासमोर येतात. वजाबाकी करायला डॉक्टर असावं लागत नाही.

पक्षाघाताच्या रुग्णांपुरती ही वजाबाकी मी एका वहीत मांडत आले. कुणी सांगितलं नव्हतं आणि वही कुणाला दाखवलीही नाही. वीस मिनिटं, पंचावन्न, पस्तीस, एकदा तर सव्वा तास. त्या वेळात माझं टेबल रिकामं होतं की नाही, तेही शेजारी लिहीत गेले. बहुतेक वेळा रिकामंच होतं. रुग्ण इमारतीत, डॉक्टर इमारतीत, यंत्र इमारतीत, औषधही इमारतीतच. आणि तरी या सगळ्यांची गाठ पडायला तास लागतो.

पक्षाघातात मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली की काय होतं, याचा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञाने २००६ मध्ये मांडला होता. उपचार न झाल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. एका तासात मेंदू जणू ३.६ वर्षांनी म्हातारा होतो. हा आकडा वाचला त्या दिवशी मी घड्याळ लावून आमचा स्कॅनचा फॉर्म भरून पाहिला. चार मिनिटं लागली. म्हणजे ७६ लाख.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे. 'वेळ म्हणजे मेंदू' हे पोस्टर तुमच्याच भिंतींवर लावलेलं आहे. तरीही लिहिते आहे, कारण या उशिराची चर्चा निघाली की ती नेहमी रुग्णाच्या घरापाशी जाऊन थांबते. लोकांना लक्षणं कळत नाहीत, ते झोपून बघतात, उशिरा येतात. खरंच आहे ते, सर्वात जास्त वेळ तिथेच जातो. पण लोकांच्या घरात तुमचा हुकूम चालत नाही. दारापासून माझ्या टेबलापर्यंतच्या वाटेवर मात्र तो चालतो, आणि फक्त तुमचाच चालतो. म्हणून हे पत्र डॉक्टरांना लिहिलेलं नाही. डॉक्टर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लिहून देऊ शकतात. नोंदणी खिडकीचा नियम, प्रयोगशाळेचा क्रम, फार्मसीचं कुलूप किंवा लिफ्टचा माणूस त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

माझ्या हातून घडलेलं एक सांगते, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांकडे बोट दाखवते आहे असं वाटणार नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा मी दुसऱ्या एका रुग्णालयात होते. पन्नाशीचे गृहस्थ. उजवा हात लुळा, आणि बोलणं एकाच शब्दावर अडकलेलं. काहीही विचारलं की "बरं" म्हणायचे. पत्नीने प्रसंगावधान राखून वेळ बघून ठेवली होती आणि पाऊण तासात त्यांना दारात आणलं होतं. दोन तपासण्या मागवल्या होत्या, मेंदूचं साधं सीटी आणि रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी. अँजिओग्राफीसाठी शिरेतून औषध सोडावं लागतं, ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं, म्हणून आमच्या फॉर्मवर क्रिएटिनिन या मूत्रपिंडांच्या रक्ततपासणीची एक चौकट होती. ती रिकामी होती. चौकट रिकामी असेल तर रुग्ण घ्यायचा नाही असा लेखी नियम होता. मी घेतला नाही. "रिपोर्ट आला की दोन्ही एकदमच करू," असं सांगितलं आणि स्ट्रेचर बाहेर भिंतीला लावून ठेवायला लावलं. ३८ मिनिटांनी रिपोर्ट आला. नॉर्मल.

साधं सीटी तरी मला तेव्हाच करता आलं असतं. इंजेक्शन द्यायचं की नाही हे तेवढ्यावर ठरलं असतं. अँजिओग्राफीसाठीही थांबायला नको होतं. मूत्रपिंडाचा जुना आजार माहीत नसेल, तर पक्षाघाताच्या रुग्णात क्रिएटिनिनची वाट न बघता ती करणं योग्य, असं अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मला ते नंतर वाचून कळलं. त्या दिवशी मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलण्यासारखं काही नोंदलंच गेलं नव्हतं. फॉर्म पूर्ण झाल्यापासून स्कॅन होईपर्यंत सात मिनिटं, एवढंच रजिस्टरमध्ये दिसत होतं. त्या महिन्याच्या आढाव्यात आमच्या विभागाचं कौतुक झालं.

ते कौतुक हाच या पत्राचा विषय आहे.

तुमच्याकडे दर महिन्याला जे तक्ते येतात, त्यांत प्रत्येक विभाग चांगलाच दिसतो. नोंदणीला सहा मिनिटं, अपघात विभागात डॉक्टरांनी पाहायला बारा, प्रयोगशाळेचा रिपोर्ट नमुना मिळाल्यापासून पस्तीस, स्कॅन फॉर्म आल्यापासून सात, औषध चिठ्ठी मिळाल्यापासून दहा. प्रत्येक जण आपलं घड्याळ तेव्हा सुरू करतो, जेव्हा काम त्याच्या टेबलावर येतं. दोन टेबलांच्या मधला वेळ कुणाच्याच खात्यावर नाही. स्ट्रेचर ओढायला माणूस मिळेना, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकली, नमुना ट्रेमध्ये पडून राहिला, वरिष्ठांचा फोन लागेना. ही मिनिटं कुठल्याच तक्त्यात येत नाहीत, पण रुग्णाच्या डोक्यात ती सगळी मोजली जातात. (आणि घड्याळंही खरोखरच वेगळी असतात बरं का. मी एकदा मिळवून पाहिलं होतं. अपघात विभागातलं भिंतीवरचं घड्याळ माझ्या यंत्रापेक्षा सहा मिनिटं पुढे होतं. काही रुग्ण कागदावर दारात येण्याआधीच स्कॅन होऊन गेलेले दिसत असणार.)

म्हणून पहिली मागणी साधी आहे. पक्षाघाताच्या रुग्णासाठी विभागांची घड्याळं बंद करा आणि एकच घड्याळ ठेवा. तो दारातून आत आला की सुरू, इंजेक्शनची सुई टोचली की बंद. मधले सगळे त्या एकाच आकड्याला जबाबदार. माझा सात मिनिटांचा आकडा मला नको आहे.

या एकाच आकड्यामागे लागून काय होतं, हे फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठ रुग्णालयाने दाखवून दिलं. १९९८ मध्ये त्यांच्याकडे दारापासून इंजेक्शनपर्यंतचा मध्यक वेळ (निम्म्या रुग्णांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) १०५ मिनिटं होता. २००३ मध्ये ६०. २०११ मध्ये २०. तिथले मेंदूविकारतज्ज्ञ अट्टे मेरेतोया आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध केली. ती वाचताना मला वाटलं होतं, काहीतरी मोठं यंत्र आणलं असेल. तसं काही नाही. त्यांनी सीटीचं यंत्र अपघात विभागात हलवलं, एवढाच काय तो जड बदल. बाकीचं सगळं क्रमाचं होतं. रुग्णवाहिका वाटेत असतानाच पक्षाघाताच्या डॉक्टरला फोन. गाडी पोहोचायच्या आत रुग्णाची जुनी माहिती काढलेली, तपासण्या मागवून ठेवलेल्या. रुग्ण खाटेवर न जाता रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरूनच थेट सीटीच्या टेबलावर. चित्र तिथेच डॉक्टर वाचणार, छापील अहवालाची वाट नाही. औषध आधीच तयार करून आणलेलं, आणि इंजेक्शन टेबलावरच. कुणालाही जास्त वेगाने धावायला लावलं नाही. एकामागून एक होणारी कामं एकाच वेळी सुरू केली, आणि जी दारानंतर होत होती ती दाराच्या आधी नेली.

"हो, पण ते हेलसिंकी," असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. मग हीच पद्धत ऑस्ट्रेलियात रॉयल मेलबर्न हॉस्पिटलने उचलली. चार महिन्यांत कामकाजाच्या दिवशी, दिवसाच्या वेळेत आलेल्या रुग्णांसाठी मध्यक ४३ मिनिटांवरून २५ वर आला. पण त्याच अहवालात एक कडू ओळ आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी आलेल्यांना या बदलाचा फारसा फायदा झाला नाही. तिथे वेळ तासाभराच्या आसपासच राहिला. रुग्ण तेच, इमारत तीच, औषध तेच. रात्री फक्त माणसं वेगळी असतात, आणि कमी.

आता तुमच्या नियमांकडे येते.

नोंदणी. बेशुद्ध किंवा बोलता न येणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव, पत्ता, ओळखपत्र आणि अनामत रक्कम जमेपर्यंत संगणकात क्रमांक तयार होत नाही. क्रमांकाशिवाय स्कॅनची मागणी जात नाही. मागणीशिवाय माझ्या पडद्यावर रुग्ण दिसत नाही. माझ्या वहीतली सर्वात लांब मिनिटं इथलीच आहेत. यावर उपाय कित्येक रुग्णालयांत आधीच आहे. अनोळखी अपघातग्रस्तासाठी तात्पुरते क्रमांक काढून ठेवलेले असतात. तेच पक्षाघातासाठी वापरा. नाव नंतर जोडा. एखादा नातेवाईक नोंदणीच्या रांगेत उभा आहे म्हणून रुग्ण थांबलाय, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याचा आता रागही येत नाही, आणि तेच मला बरं लक्षण वाटत नाही.

प्रयोगशाळा. इंजेक्शनआधी प्रत्येक रुग्णात सक्तीची रक्ततपासणी एकच आहे, साखर. ती बोटाला टोचून अर्ध्या मिनिटात होते, आणि ती हवीच, कारण साखर फार कमी झाली तरी माणूस हुबेहूब पक्षाघातासारखा दिसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा रक्तस्रावाच्या आजाराचा संशय असेल, तर गोठण्याच्या तपासणीसाठी थांबावं लागतं. बाकीच्यांत नमुना पाठवा, पण त्याच्या वाटेवर डोळे लावून बसू नका. ईसीजी, छातीचा एक्स-रे यांचंही तेच. आमच्याकडे मात्र 'स्ट्रोक प्रोफाइल' नावाची अकरा तपासण्यांची एक यादी होती आणि शेवटचा आकडा येईपर्यंत सगळे गप्प बसून असायचे. ती यादी कुणी ठरवली, हे विचारल्यावर कुणालाच सांगता आलं नाही.

औषध. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज वजनावर द्यायचं असतं. दर किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. त्यातला दहावा भाग पहिल्या मिनिटात आणि उरलेला तासाभरात. म्हणजे आधी वजन हवं. हात-पाय लुळ्या माणसाला वजनकाट्यावर उभं कसं करणार? मग नातेवाइकांना विचारायचं, ते एकमेकांकडे बघतात. वजन दाखवणारं एक स्ट्रेचर अपघात विभागाच्या दारात ठेवलं की हा प्रश्न संपतो. दुसरं, ही कुपी फार्मसीच्या कपाटात दोन सह्यांच्या आड ठेवू नका. ती अपघात विभागात, रक्तदाब उतरवणारं औषध, सुया आणि मात्रेचा तक्ता यांसह एकाच पेटीत असू द्या, आणि ती पेटी रुग्णाबरोबर माझ्या खोलीत येऊ द्या. परिचारिका औषध आधी तयार करून ठेवायला घाबरतात, याचं कारण त्यांना विचारा. 'फोडलेली कुपी वापरली गेली नाही तर हिशेब कोण देणार?' तुम्ही एका ओळीचं परिपत्रक काढून लिहून द्या, की कुणीही देणार नाही. ही एक ओळ एखाद्या प्रशिक्षण शिबिरापेक्षा जास्त मिनिटं वाचवेल.

टेनेक्टेप्लेज हे दुसरं औषध आता वापरात येतंय. तासभर ठिबकत ठेवावं लागत नाही, एकदाच टोचायचं. २०२२ मध्ये कॅनडातल्या मोठ्या चाचणीत ते अल्टेप्लेजच्या तोडीस तोड ठरलं. तुमच्या औषध समितीपुढे हा विषय आला नसेल तर आणा. रुग्णाला पुढच्या रुग्णालयात हलवायचं असेल तेव्हा चालू ठिबक सांभाळत गाडीत बसणं काय असतं, हे त्या समितीतल्या कुणी अनुभवलेलं असेलच.

डॉक्टर कचरतात त्यामागे भीतीही आहे, आणि ती खोटी नाही. १९९५ साली ज्या चाचणीने या इंजेक्शनचा फायदा सिद्ध केला, त्यातच इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव झाला. न घेतलेल्यांत तो ०.६ टक्के होता. म्हणूनच स्कॅन आधी लागतो. गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून ओळखता येत नाहीत, आणि रक्तस्रावात हे इंजेक्शन दिलं तर जीव जाऊ शकतो. पण घाई केल्याने धोका वाढतो हा समज मात्र टिकत नाही. अमेरिकेत २०१० मध्ये, रुग्ण दारात आल्यापासून तासाच्या आत इंजेक्शन देण्याची मोहीम सुरू झाली. तिचा हिशेब २०१४ मध्ये मांडला गेला, तेव्हा मध्यक वेळ ७७ मिनिटांवरून ६७ वर आला होता, रुग्णालयात होणारे मृत्यू ९.९३ टक्क्यांवरून ८.२५ वर आले होते, आणि रक्तस्राव वाढले नव्हते, उलट थोडे कमीच झाले होते.

हा धोका नातेवाइकांना सांगावाच लागतो, आणि इथेही आपण रांग लावतो. आधी स्कॅन, मग अहवाल, मग समजावणं, मग घरातल्या मोठ्यांना फोन, मग सही. रुग्ण माझ्या टेबलावर असतो तेव्हा नातेवाईक दाराबाहेर नुसते उभे असतात. त्याच वेळी कुणीतरी त्यांच्याशी बोलायला काय हरकत आहे? सोप्या भाषेत एक पान तयार ठेवा. शंभरात किती सुधारतात, किती जणांना रक्तस्राव होतो, आणि उशीर झाला तर पहिला आकडा कसा घसरतो. २०१४ मध्ये नऊ चाचण्यांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात तो घसरताना दिसतो. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालं तर दर शंभरात सुमारे दहा जास्त रुग्ण जवळजवळ पूर्ववत झाले. तीन ते साडेचार तासांत मिळालं तर पाच.

साडेचार तासांबद्दल एक वेगळंच सांगायचं आहे. इंजेक्शन देण्याची ही शेवटची मर्यादा २००८ पासून सगळ्यांच्या तोंडी आहे आणि तिने आपलं थोडं नुकसानही केलं आहे. शेवटच्या गाडीची वेळ माहीत असली की माणूस स्टेशनवर निवांत जातो. अनेक ठिकाणच्या नोंदींत असं दिसलं आहे की जे रुग्ण लवकर पोहोचतात, त्यांना दारानंतर उलट जास्त वेळ लागतो. वेळ आहे ना, मग होऊ द्या सावकाश. ज्या बाईने पाऊण तासात नवऱ्याला आणलं, तिच्या धावपळीची कमाई आम्ही अशी खर्च करून टाकतो. मेरेतोया यांनीच २०१४ मध्ये आणखी एक हिशेब केला. इंजेक्शन एक मिनिट लवकर मिळालं तर रुग्णाच्या पदरात सरासरी १.८ दिवसांचं धडधाकट आयुष्य पडतं. लिफ्टसाठी पाच मिनिटं थांबलेल्या स्ट्रेचरकडे यापुढे जरा या हिशेबाने बघा.

आता एक विषय, ज्यावर कुणी बोलत नाही. पक्षाघात काही फक्त बाहेरून येत नाही. तो वॉर्डातही होतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, सांधा बदलल्यानंतर, रक्त पातळ करणारं औषध शस्त्रक्रियेसाठी थांबवलेलं असताना. पक्षाघाताच्या एकूण रुग्णांत अशांचं प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत २ ते १७ टक्के आढळलं आहे. हा रुग्ण आधीच रुग्णालयात आहे, त्याच्याजवळ चोवीस तास परिचारिका आहे, तेव्हा त्याला सर्वात लवकर उपचार मिळायला हवेत, नाही का? होतं नेमकं उलटं. बाहेरून आलेल्यापेक्षा त्याचं स्कॅन उशिरा होतं आणि इंजेक्शनही क्वचित मिळतं.

का, ते मी पाहिलं आहे. पहाटे सहाला परिचारिकेला वाटतं, आजोबांचं बोलणं जड येतंय. औषधाची गुंगी असेल? ती निवासी डॉक्टरला सांगते. तो दुसऱ्या वॉर्डात आहे. अर्ध्या तासाने येऊन पाहतो आणि वरिष्ठांना फोन करतो. ते म्हणतात, "राउंडला बघू." राउंड नऊला. मग मेंदूविकारतज्ज्ञांना चिठ्ठी. मग माझ्याकडे मागणी येते, तिच्यावर 'तातडीचे' असंही लिहिलेलं नसतं. आजोबा माझ्याकडे अकराला येतात, आणि त्यांना शेवटचं नीट कुणी पाहिलं होतं, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. नर्सिंगच्या नोंदीत रात्रभर 'झोपले आहेत' एवढंच.

बाहेरच्या रुग्णासाठी तुम्ही 'कोड स्ट्रोक', म्हणजे पक्षाघाताचा तातडीचा इशारा, ठेवलेला असतो. वॉर्डातून तो कोण देऊ शकतं? जिने पहिल्यांदा पाहिलं त्या परिचारिकेला थेट देता आला पाहिजे, मध्ये कुणाची परवानगी न घेता. आणि तो चुकीचा निघाला तर तिला कुणी हसता कामा नये. हसणं हा नियम नसतो, म्हणून तो परिपत्रकाने रद्द होत नाही. पण तुम्ही स्वतः एकदा वॉर्डात जाऊन, खोट्या निघालेल्या कोडबद्दल सर्वांसमोर तिचे आभार मानलेत तर पुढे कुणी हसणार नाही. तसंच रात्रीच्या नोंदीत रुग्ण कधी बोलला, कधी स्वतः कूस बदलली, याची वेळ असू द्या. ज्यांना झोपेतच पक्षाघात झाला, त्यांचाही मार्ग आता पूर्ण बंद नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवलं की एमआरआय किंवा मेंदूतल्या रक्तप्रवाहाची तपासणी करून निवडलेल्या रुग्णांना उशिराही उपचार लागू पडतात, गुठळी बाहेर काढण्याचा उपचार तर काहींना २४ तासांपर्यंत. पण निवड तरी कुणी सांगितल्यावरच सुरू होणार.

गुठळी तारेने ओढून काढण्याचा हा उपचार २०१५ मध्ये लागोपाठ पाच चाचण्यांत सिद्ध झाला. मोठी वाहिनी बंद असलेल्यांना त्याने नवं आयुष्य दिलं, आणि आपल्याला एक नवा उशीर. सगळीकडे ही सोय नसते. रुग्णाला हलवावं लागतं. पहिल्या रुग्णालयाच्या दारातून आत आल्यापासून दारातून बाहेर पडेपर्यंतचा वेळ १२० मिनिटांच्या आत असावा अशी शिफारस होती. अमेरिकेतल्या लाखभर रुग्णांचा २०२३ मधला अभ्यास सांगतो की मध्यक १७४ मिनिटं होता. एवढं यंत्रणेचं बळ असलेल्या देशात. छोट्या रुग्णालयाच्या अधीक्षकांना एकच विनंती: ज्या गाडीने रुग्ण आणला, स्कॅन होईपर्यंत तिला सोडू नका. अँजिओग्राफी साध्या स्कॅनला जोडूनच होऊ द्या, आणि चित्रं पुढच्या रुग्णालयात त्याच क्षणी जाऊ द्यात. चित्रांची सीडी तयार होण्याची वाट बघत थांबलेली रुग्णवाहिका मी पाहिली आहे.

दारावरचा सुरक्षारक्षक, केस पेपरवाला, स्ट्रेचर ओढणारा. रुग्णाला सर्वात आधी हे तिघं बघतात, आणि प्रशिक्षणाला बोलावलं जातं डॉक्टरांना. चेहरा वाकडा, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, एवढं ओळखायला तासभर पुरतो. त्यात तोल जाणं आणि अचानक दोन-दोन दिसणं हेही घाला, कारण मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात चक्कर म्हणून बाकावर बसवला जातो. तरुण असेल तर हमखासच.

मनुष्यबळ कमी आहे, हे मला कुणी सांगायला नको. रात्री मी एकटी असते. पण माणसं कमी असतात तेव्हाच कामांचा क्रम जास्त महत्त्वाचा ठरतो. मला रात्री दुसरा तंत्रज्ञ मिळाला तर आनंदच आहे. पण त्याआधी मला एक फोन मिळाला तरी चालेल. रुग्णवाहिका वाटेत आहे, दहा मिनिटांत येतेय, एवढाच. त्या दहा मिनिटांत मी टेबलावरचा गुडघ्याचा स्कॅन आटपते, किंवा सुरूच करत नाही. फोन आला नाही तर गुडघा टेबलावर असतो आणि मेंदू दाराबाहेर.

शेवटी एक आमंत्रण. बैठक नको, समितीही नको. येत्या आठवड्यात एखाद्या रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या मुख्य दाराशी या. सोबत रिकामं स्ट्रेचर, ते ओढायला ड्यूटीवरचाच माणूस, आणि स्टॉपवॉच. आपण कोण आहोत हे सांगू नका. नोंदणीच्या खिडकीपाशी थांबा, लिफ्टची वाट बघा, कुठल्या दाराची किल्ली कुणाकडे आहे ते शोधा, आणि सीटीच्या टेबलापर्यंत पोहोचा. दर वेळी थांबावं लागलं की मिनिटं लिहून ठेवा. तुमच्याकडची तंत्रज्ञ कदाचित खुर्चीत डुलकी काढत असेल, तिच्यावर रागावू नका. निघण्याआधी तिला फक्त एक फोन करा. ती टेबल मोकळं ठेवेल.

आपली विश्वासू,
रात्रपाळीची एक सीटी स्कॅन तंत्रज्ञ